विश्लेषण : सरोगसीचा करार पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर का होत नाही?

मूल होत नाही म्हणून बारामती किंवा इंदापूरहून पुण्याच्या दवाखान्यांच्या वाऱ्या करणारी जोडपी कमी नाहीत. तपासण्या होतात, औषधे होतात, ‘टेस्ट ट्यूब’चे एक-दोन प्रयत्नही होतात. शेवटी डॉक्टर सांगतात, की गर्भाशय साथ देणार नाही, सरोगसीचा विचार करा. गावी परतल्यावर सल्ले सुरू होतात. कुणी म्हणते, ‘गरजू बाई बघू, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ, नोटरी करू आणि तिला चार-पाच लाख देऊ.’ ऐकायला सोपा वाटणारा हा मार्ग २०२२ पासून थेट तुरुंगाकडे जातो. तो कागद न्यायालयात टिकत नाही, उलट गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो. मग कायदेशीर करार कसा होतो, तो कोण करू शकते, आणि त्यात जोडप्याचे, मूल वाढवणाऱ्या बाईचे आणि जन्मणाऱ्या बाळाचे संरक्षण किती?

सरोगसी म्हणजे नेमके काय?

पती-पत्नीचे बीज प्रयोगशाळेत एकत्र करून भ्रूण तयार केला जातो. तो दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात सोडला जातो. ती नऊ महिने गर्भ वाढवते, बाळाला जन्म देते आणि बाळ त्या जोडप्याकडे जाते. गर्भ वाढवणारीला कायद्याच्या भाषेत ‘सरोगेट माता’ आणि मूल हवे असलेल्यांना ‘इच्छुक जोडपे’ म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सरोगेट मातेला स्वतःचे स्त्रीबीज देता येत नाही. बाळाशी तिचे रक्ताचे, म्हणजे जनुकीय नाते नसते. ती फक्त गर्भ वाढवते. जुन्या पद्धतीत गर्भ वाढवणाऱ्या बाईचेच बीज वापरले जाई आणि त्यातून ‘मूल कोणाचे’ हा वाद उभा राही. आजच्या कायद्याने ती पद्धत बंद केली आहे.

मराठी प्रेक्षकांना हा विषय नवा नाही. समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पुढे हिंदीतला ‘मिमी’ त्याच कथेवरून आला. पण त्या चित्रपटात दिसणारा परदेशी जोडप्यांचा आणि पैशांच्या व्यवहाराचा काळ आता संपला आहे.

कायद्याआधी काय चालत होते?

२००२ पासून सुमारे दीड दशक भारत हे सरोगसीचे जगातले मोठे केंद्र होते. गुजरातमधील आणंद, मुंबई, दिल्ली, हैदराबाद इथे परदेशी जोडपी येत. नियम म्हणून होती ती फक्त भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची २००५ मधील मार्गदर्शक तत्त्वे. ती मोडली तरी शिक्षा नव्हती. २००८ मध्ये आणंदमधील सरोगसीतून जन्मलेल्या एका बाळाचे जपानी आई-वडील बाळाच्या जन्माआधीच विभक्त झाले आणि बाळ कोणाचे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २२८व्या अहवालात कायद्याची गरज मांडली. २०१५ च्या अखेरीस परदेशी नागरिकांसाठी सरोगसी बंद झाली. संसदेत विधेयक आले, रखडले, पुन्हा आले, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले. अखेर ‘सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१’ मंजूर झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याचे नियम जून २०२२ मध्ये आले.

या कायद्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : सरोगसी चालेल, सरोगसीचा धंदा चालणार नाही.

परवानगी कोणाला मिळते?

- जोडपे विवाहित आणि भारतीय असावे. पत्नीचे वय २३ ते ५० आणि पतीचे २६ ते ५५ वर्षे असावे.
- त्यांना हयात मूल नसावे. पोटचे, दत्तक किंवा सरोगसीतून झालेले, कोणतेही. मूल गंभीर दिव्यांग असेल किंवा त्याला बरा न होणारा जीवघेणा आजार असेल, तर अपवाद होऊ शकतो.
- एकट्या स्त्रीपैकी फक्त विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला, वय ३५ ते ४५ असल्यास, परवानगी आहे.
- अविवाहित स्त्री, एकटा पुरुष, लिव्ह-इनमध्ये राहणारे जोडपे किंवा समलिंगी जोडपे यांना कायद्यात जागा नाही.

याशिवाय वैद्यकीय कारण लागते. गर्भाशय जन्मतःच नसणे, त्यात मोठा दोष असणे किंवा कर्करोगासारख्या आजारामुळे ते काढावे लागलेले असणे हे पहिले कारण. आयव्हीएफचे प्रयत्न वारंवार फसणे हे दुसरे. कारण न कळता गर्भ पुन्हा पुन्हा पडणे हे तिसरे. आणि गर्भारपण जिवावर बेतेल असा आजार असणे हे चौथे. ‘नोकरीमुळे वेळ नाही’ किंवा ‘बांधा बिघडेल’ ही कारणे चालत नाहीत.

सरोगेट माता कोण होऊ शकते?

तिचे वय भ्रूण सोडण्याच्या दिवशी २५ ते ३५ वर्षे असावे. ती विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, म्हणजे तिचे एकदा तरी लग्न झालेले असावे. तिला स्वतःचे मूल असावे. आयुष्यात एकदाच ती सरोगेट होऊ शकते. शारीरिक आणि मानसिकदृष्ट्या ती तंदुरुस्त असल्याचे नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. एका सरोगेट मातेवर भ्रूण सोडण्याचे प्रयत्न जास्तीत जास्त तीनदा करता येतात. एका वेळी एकच भ्रूण सोडायचा असतो, विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत.

ती जवळची नातेवाईकच हवी, असा समज अजून पसरलेला आहे. लोकसभेत मंजूर झालेल्या २०१९ च्या विधेयकात तशी अट होती. प्रवर समितीने ती काढायला सांगितली आणि अंतिम कायद्यात ‘इच्छुक स्त्री’ असे शब्द आले. म्हणजे बहीण, जाऊ, नणंद, मैत्रीण किंवा ओळखीची कोणतीही स्त्री चालते. प्रत्यक्षात पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर नात्याबाहेरची बाई सहजी पुढे येत नाही. त्यामुळे शोध बहुतेक वेळा घरातच संपतो.

करारात काय असते? स्टॅम्पपेपर का चालत नाही?

जमीन, गाळा किंवा उसनवारीचा व्यवहार दोन पक्ष आपापसांत लिहितात. सरोगसीचा करार तसा नाही. सरोगेट मातेची संमती आणि करार यांचा नमुना सरकारने नियमांतच दिला आहे. तो ‘नमुना २’ म्हणून ओळखला जातो. त्यातल्या अटी दोन्ही बाजूंनी मनाप्रमाणे ठरवायच्या नसतात.

कायद्याच्या कलम ६ नुसार सरोगेट मातेला उपचारांचे सगळे माहीत असलेले दुष्परिणाम आणि नंतरचे परिणाम समजावून सांगावे लागतात. तिची संमती लेखी हवी आणि तिला समजणाऱ्या भाषेत हवी. इंग्रजी छापील कागदावर अंगठा किंवा सही घेतली, तर कलम ६ मधली संमती झाली असे म्हणता येत नाही. इंदापूर तालुक्यातल्या मराठी बाईला तो कागद मराठीत समजला पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गर्भाशयात भ्रूण सोडेपर्यंत तिला आपली संमती कधीही मागे घेता येते. त्यासाठी तिच्याकडून भरपाई वसूल करू, अशी अट खासगी कागदावर लिहिली तरी ती कायद्याच्या विरोधात जाते.

गर्भ राहिल्यानंतर गर्भपात करायचा झाल्यास तिची लेखी संमती आणि समुचित प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, शिवाय १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा पाळावा लागतो. ‘मुलगी असेल तर काढून टाकू’ हा विचार तर सोडाच. सरोगसीत लिंगनिवड हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पाचशेच्या स्टॅम्पवरचा व्यवहार दोन कारणांनी कोसळतो. एक, त्यात ठरलेली रक्कम हा बेकायदा मोबदला असतो आणि भारतीय करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बेकायदा मोबदल्यावर उभा असलेला करार शून्य असतो. बाईने पैशांसाठी किंवा जोडप्याने बाळासाठी तो कागद घेऊन न्यायालयात जायचे म्हटले, तर न्यायालय त्याची अंमलबजावणी करून देत नाही. दोन, सरोगसी कायदेशीर ठरते ती नोटरीच्या शिक्क्याने नव्हे, तर वैद्यकीय मंडळ, न्यायालय आणि समुचित प्राधिकारी या तिघांच्या कागदांनी.

बारामती-इंदापूरच्या जोडप्याला कुठे जावे लागते?

समजा, इंदापूर तालुक्यातल्या एका जोडप्यात पत्नीचे गर्भाशय आजारपणात काढावे लागले आहे आणि तिची जाऊ सरोगेट व्हायला तयार आहे. त्यांचा रस्ता असा :

पहिला टप्पा, जिल्हा वैद्यकीय मंडळ. सरोगसीची वैद्यकीय गरज आहे, असे प्रमाणपत्र हे मंडळ देते. त्यावर जिल्ह्याचे वरिष्ठ आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक, तसेच स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असतात. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यांना सरकारी रुग्णालये आहेत, पण हे प्रमाणपत्र तालुका पातळीवर मिळत नाही. चौकशीची सुरुवात पुण्यातील औंधच्या जिल्हा रुग्णालयातून करता येते. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर आहे आणि इंदापूरहून त्याहून लांब. मजुरी बुडवून होणाऱ्या या फेऱ्यांचा हिशेब आधीच धरलेला बरा.

दुसरा टप्पा, न्यायालय. जोडपे आणि सरोगेट माता यांनी मिळून प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा त्यावरच्या न्यायालयाकडे अर्ज करायचा असतो. जन्मणाऱ्या बाळाचे पालकत्व आणि ताबा कोणाकडे, याचा आदेश न्यायालय देते. हाच आदेश पुढे बाळाच्या जन्मनोंदणीचा आधार ठरतो. बारामती आणि इंदापूर या दोन्ही ठिकाणी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची न्यायालये आहेत.

तिसरा टप्पा, विमा आणि हमी. सरोगेट मातेच्या नावे ३६ महिन्यांचा आरोग्य विमा काढावा लागतो. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीचा खर्चही त्यात यायला हवा. आधीच्या विधेयकात ही मुदत १६ महिने होती, प्रवर समितीने ती वाढवली. याशिवाय उपचार, आजारपण, इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई देऊ, असे प्रतिज्ञापत्र जोडप्याने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करायचे असते.

चौथा टप्पा, समुचित प्राधिकारी. आरोग्य विभागाचे वरिष्ठ अधिकारी, विधी खात्याचे अधिकारी, महिला संघटनेची प्रतिनिधी आणि डॉक्टर यांचा त्यात समावेश असतो. त्यांच्याकडून सरोगसीची आवश्यकता, जोडप्याची पात्रता आणि सरोगेट मातेची पात्रता अशी प्रमाणपत्रे मिळवावी लागतात.

पाचवा टप्पा, नोंदणीकृत सरोगसी क्लिनिक. आयव्हीएफ केंद्राची पाटी असली म्हणजे तिथे सरोगसीची परवानगी आहे, असे नसते. सरोगसीसाठी वेगळी नोंदणी लागते, ती तीन वर्षांसाठी असते आणि तिचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक असते. ते दिसले नाही, तर विचारायला संकोच करू नये.

‘पैसे द्यायचे नाहीत’ म्हणजे नेमके काय?

कायद्याला मान्य असलेल्या सरोगसीला ‘परोपकारी सरोगसी’ म्हणतात. सरोगेट मातेला, तिच्यावर अवलंबून असलेल्यांना किंवा तिच्या वतीने कुणालाही मोबदला द्यायचा नाही. वैद्यकीय खर्च, नियमांत सांगितलेले इतर खर्च आणि विमा एवढेच चालते. रोख रक्कम तर नाहीच, पण तिच्या नवऱ्याच्या नावावर गाडी, मुलाची फी, घराचा पत्रा, फेडलेले कर्ज या वाटेने दिलेला मोबदलाही मोबदलाच.

वादाचा मुद्दा इथेच आहे. बारामती आणि इंदापूर हा उसाचा पट्टा. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांभोवती इथले अर्थकारण फिरते. शेतमजूर बाईने गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर काम बंद ठेवले, तर तिची मजुरी बुडते. कायदा दवाखान्याचे बिल पाहतो, पण बुडालेल्या मजुरीबद्दल स्पष्ट बोलत नाही. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१७ मध्ये आपल्या १०२व्या अहवालात याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. फुकट मातृत्वाची अपेक्षा घरच्या बाईवर लादली जाईल, त्यापेक्षा बुडालेल्या मजुरीसह रास्त भरपाई देणारी व्यवस्था करा, अशी समितीची शिफारस होती. सरकारने ती मान्य केली नाही.

सरकारची बाजूही पोकळ नाही. एकदा पैशांची वाट उघडली की गरीब बाईची ‘हो’ किती खरी, हे कोण तपासणार? याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या या भागात येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या बायकांच्याही कागदांवर सह्या होत्याच. कर्ज आणि बुडणारी मजुरी पाठीशी असताना केलेली सही आणि समजून-उमजून दिलेली संमती यांत फरक असतो. सरोगसीच्या कायद्यातली कडक कलमे याच फरकासाठी आहेत.

दबाव घरातूनच आला तर?

‘मोठ्या जावेला मूल नाही, तू दोन लेकरांची आई आहेस, तूच कर’ असे एकत्र कुटुंबात कुणी म्हटले, की धाकट्या सुनेला नाही म्हणणे अवघड जाते. कायद्याने हे ओळखले आहे. कलम ४२ प्रमाणे, खटला उभा राहिला तर सरोगेट मातेवर तिचा नवरा, इच्छुक जोडपे किंवा नातेवाईक यांनी सक्ती केली, असे न्यायालय गृहीत धरते. सक्ती नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यांवर येते. म्हणून संमतीच्या वेळी तिच्याशी एकटीशी बोलणे, तिला वेळ देणे आणि समुपदेशन होणे ही केवळ औपचारिकता नाही. ती जोडप्याच्याही भल्याची गोष्ट आहे.

मनात शंका असलेल्या बाईला वकील परवडत नसला तरी मार्ग आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

बाळ कोणाचे?

कलम ८ प्रमाणे सरोगसीतून जन्मलेले मूल हे इच्छुक जोडप्याचे जैविक मूल मानले जाते. पोटच्या मुलाचे सगळे हक्क, वारसाहक्कासह, त्याला मिळतात. सरोगेट मातेला पालकत्वाचा हक्क राहत नाही. तसेच जोडप्यालाही मागे फिरता येत नाही. बाळात व्यंग आहे, मुलगी झाली, जुळे झाले, अशा कोणत्याही कारणाने बाळ नाकारणे हा गुन्हा आहे.

कराराची भाषा किती कामी येते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२४ मधील निकालातून कळते. एका जोडप्याने कायदा येण्यापूर्वी, २०१८ मध्ये सरोगसीचा करार केला होता. पत्नीच्या धाकट्या बहिणीने स्त्रीबीज दिले होते आणि २०१९ मध्ये जुळ्या मुली जन्मल्या. पुढे पती-पत्नीचे बिनसले. पती मुलींना घेऊन वेगळा राहू लागला आणि बीज देणारी मेहुणीही त्याच घरात राहू लागली. बीज मेहुणीचे असल्याने तीच जैविक आई आणि पत्नीला मुलींवर हक्क नाही, असा पतीचा दावा होता. खालच्या न्यायालयाने पत्नीला मुलींना भेटू देण्यास नकार दिला होता. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. करारावर इच्छुक पालक म्हणून पती-पत्नीच्या सह्या होत्या आणि २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बीजदात्याला पालकत्वाचा हक्क नव्हता. त्यामुळे मेहुणी फार तर जनुकीय माता ठरते, पण तिला जैविक आई असल्याचा कायदेशीर हक्क सांगता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि पत्नीला दर आठवड्याला मुलींना भेटण्याची मुभा दिली. तो करार रीतसर नसता, तर त्या आईच्या हातात काही उरले नसते.

दात्याचे बीज आणि वय : नियम का बदलले?

मार्च २०२३ मध्ये केंद्राने नमुना २ मध्येच बदल केला आणि दोन्ही बीजे इच्छुक जोडप्याचीच हवीत, अशी अट घातली. जिच्या शरीरात स्त्रीबीजच तयार होत नाही, तिच्यासाठी दार बंद झाले. अशा स्त्रियांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना दिलासा मिळाला. त्यानंतर २१ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्राने नियम सुधारला. आता जिल्हा वैद्यकीय मंडळाने गरज मान्य केली, तर पती किंवा पत्नी यांपैकी एकाच्या जागी दात्याचे बीज चालते. किमान एक बीज मात्र जोडप्याचे हवेच. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला स्वतःचेच स्त्रीबीज आणि दात्याचे पुरुषबीज वापरावे लागते.

वयाचा प्रश्नही न्यायालयात गेला. कायदा येण्याआधीच भ्रूण गोठवून ठेवलेली काही जोडपी मधल्या काळात वयाची मर्यादा ओलांडून गेली होती. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की २५ जानेवारी २०२२ पूर्वी ज्यांनी प्रक्रिया सुरू करून भ्रूण गोठवले होते, त्यांना नंतर आलेली वयोमर्यादा लागू होणार नाही. ही सवलत सरसकट सर्वांना नाही. आज नव्याने सुरुवात करणाऱ्यांना वयाची अट पाळावीच लागते.

नियम मोडला तर शिक्षा काय?

पैसे देऊन सरोगसी करू पाहणाऱ्या जोडप्याला पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तोच गुन्हा केला तर दहा वर्षे आणि दहा लाखांपर्यंत. व्यावसायिक सरोगसी चालवणे, तिची जाहिरात करणे, सरोगेट मातेची पिळवणूक करणे, बाळ टाकून देणे किंवा भ्रूण विकणे यासाठीही दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत, आपापसांत मिटवता येत नाहीत. ‘सरोगेट मिळवून देतो’ असे समाजमाध्यमावर लिहिणारा एजंटही यातून सुटत नाही.

फसवणूक किती खोल जाऊ शकते, हे जुलै २०२५ मध्ये हैदराबादेत उघड झाले. सरोगसीच्या नावाखाली एका जोडप्याकडून सुमारे ३५ लाख रुपये घेऊन त्यांच्या हाती बाळ ठेवण्यात आले. जोडप्याने डीएनए चाचणी केली, तेव्हा बाळाचे दोघांशीही नाते नसल्याचे निघाले. ते एका गरीब दाम्पत्याकडून विकत घेतलेले बाळ होते, असे पोलीस तपासात समोर आले. न्यायालयाचा आदेश आणि प्राधिकाऱ्याची प्रमाणपत्रे मागण्याचा आग्रह जोडप्यासाठी किती मोलाचा असतो, ते यावरून दिसते.

सरोगसीखेरीज मार्ग आहेत का?

आहेत. गर्भाशय नसलेल्या स्त्रीसाठी गर्भाशय प्रत्यारोपणाची सुरुवात भारतात पुण्यातूनच झाली. मे २०१७ मध्ये पुण्यातील गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने देशातले पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. सोलापूरच्या एका तरुणीला तिच्या आईने गर्भाशय दिले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच रुग्णालयात प्रत्यारोपित गर्भाशयातून देशातले पहिले बाळ जन्मले. ही शस्त्रक्रिया मोठी आहे आणि सर्वांना झेपणारी नाही, पण तिथे तिसऱ्या स्त्रीशी करार करावा लागत नाही.

दुसरा मार्ग दत्तकाचा. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. प्रतीक्षा मोठी असते, पण प्रक्रिया सरकारी आहे. इथेही एक इशारा लागू पडतो. दवाखान्यातून किंवा ओळखीने ‘परस्पर’ आणलेले बाळ म्हणजे कायदेशीर दत्तक नव्हे.

सरोगसीचा विचार करताना लक्षात ठेवा

- आधी जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र, नंतर न्यायालयाचा आदेश आणि समुचित प्राधिकाऱ्याची प्रमाणपत्रे. हे सगळे हातात येईपर्यंत भ्रूण सोडण्याची घाई करू नका.
- ‘कागदपत्रांचे आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या एजंटला आगाऊ रक्कम देऊ नका.
- सरोगेट मातेला कराराची प्रत द्या आणि तो मराठीत वाचून दाखवा. विम्याची मुदत ३६ महिने आहे का, हे तिनेही तपासावे.
- भ्रूण सोडेपर्यंत नाही म्हणण्याचा तिला हक्क आहे. तो वापरला म्हणून तिच्यावर राग धरणे किंवा पैसे मागणे गैर आहे.
- केंद्र सरकारी नोकरीत असाल, तर जून २०२४ च्या सुधारित रजा नियमांनुसार सरोगेट माता आणि बाळ घेणारी माता या दोघींना १८० दिवसांपर्यंत प्रसूती रजा आणि पित्याला १५ दिवसांची रजा मिळू शकते. त्यासाठी हयात मुले दोनपेक्षा कमी असावीत.
- सरोगसीची सगळी कागदपत्रे क्लिनिकला २५ वर्षे जपून ठेवावी लागतात. जोडप्यानेही स्वतःच्या प्रती तितक्याच जपून ठेवाव्यात. उद्या शाळा, पासपोर्ट किंवा वारसाचा प्रश्न आला, तर बाळाच्या बाजूने तेच बोलतील.